पडद्यावरचा वाघ आणि रंजीताची माय

वर्गातल्या पडद्यावरच्या वाघाने डरकाळी फोडत तिसऱ्यांदा झेप घेतली. रंजीताने मोहर्लीच्या जंगलात सहा वर्षं गाइडचं काम केलं होतं, पण झेप घेताना असा बोंबलणारा वाघ एकदाही पाहिला नव्हता. मारायला येणारा वाघ आवाज करत नाही. तिच्या मायवर आला तेव्हाही केला नव्हता.

नागपूरहून आलेल्या प्रफुल सरांना वाघाशी काही देणंघेणं नव्हतं. विदेशी पाहुण्यांसोबत गाइड म्हणून जायचं तर त्यांच्या इंग्रजीच्या वर्गात पास व्हायला हवं, आणि सरांच्या मते पिक्चर बघून इंग्रजी झटकन येते. सीन थांबवून त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'इफ शी हॅड नॉट गॉन टू द फॉरेस्ट, द टायगर वुड नॉट हॅव किल्ड हर.'

"म्हणजे, ती जंगलात गेली नसती तर वाघाने तिला मारलं नसतं. सगळे माझ्या मागून!"

हे वाक्य रंजीताला मराठीत पाठ होतं. माय पहाटे मोहफुलं वेचायला गेली आणि वेचता वेचता, वाकलेली असतानाच गेली. पंचनाम्याला आलेले साहेब हेच म्हणाले. तेराव्याचं जेवून हात पुसता पुसता सख्खा मामाही हेच म्हणाला. जशी काही ती बाई तिथे हवा खायला गेली होती! या शहाणपणाची तिला किळस यायची. आता तेच इंग्रजीत घोकायचं.

सर सोडून वर्गात सगळ्यांना मायचं ठाऊक होतं. तरी माना खाली घालून बाकीच्या बाराही जणांनी घोकलं. पास सगळ्यांनाच व्हायचं होतं.

"रंजीता, तोंड शिवलंय का? ऊठ, स्वतःचं वाक्य कर. नाहीतर नापास."

ती उठली. "इफ शी हॅड नॉट गॉन, वुई वुड हॅव स्लेप्ट हंग्री." ती गेली नसती, तर आम्ही उपाशी झोपलो असतो.

"वा! एकदम बरोबर! पण हे कुठल्या सीनमधलं?"

"पिक्चरमधलं नाई, सर. माह्या मायचं हाय."

सर फळ्याकडे वळले. त्यांनी तेही वाक्य फळ्यावर चढवलं.

"फार छान उदाहरण. सगळे माझ्या मागून!"

दोन-तीन तोंडं उघडलीही. रंजीता सरळ फळ्यापाशी गेली आणि डस्टरने तिने दोन्ही वाक्यं पुसून टाकली.

"नापास करा मले," ती म्हणाली. "पन माही माय तुमच्या घोकणीसाठी नाई मेली."