चार टनांची गाडी आणि माझा हाफ क्लच

माझ्या नवऱ्याच्या मते शहाणी माणसं छंद म्हणून बाल्कनीत कुंड्या लावतात. मी चार टनांची चिलखती गाडी आणली. फोटो बघून त्याने विचारलं, "डोकं फिरलंय का तुझं?" राग तर कायम माझ्या नाकावर असतोच, त्यामुळे गाडी घ्यायला इतके दिवस लोंबकळत ठेवलेला होकार मी त्याच संध्याकाळी कळवून टाकला.

मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला राहते आणि गाड्यांच्या कंपनीत गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर लिहिते. म्हणजे दिवसभर गिअरबॉक्स गिअरबॉक्स करायचं आणि वर्षानुवर्षं एकाही गिअरबॉक्सला हात लावायचा नाही. ऑफिसातल्या कुणीतरी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याचं नाव सुचवलं. शेतीची यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले हे गृहस्थ आपल्या कोठारात जुन्या लष्करी गाड्या उभ्या करत. मी त्यांना मनातल्या मनात शेतकरीबुवा म्हणायचे. तोंडावर अर्थातच हेर अमुकतमुक, म्हणजे आपलं श्रीयुत. ही गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली. ब्रिटिश बनावटीची, टेहळणीसाठी वापरायचे तशी, वरून उघडी, दोन माणसांची. पुढे चालवणारा, आणि त्याच्या पाठीमागे उभा राहून हुकूम देणारा.

जकातीच्या ऑफिसात, ज्याला इथे त्सोल म्हणतात, साहेबांनी कागदांची चळत उलटीपालटी केली. शस्त्र काढून टाकल्याचा दाखला दोनदा वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "हे वाहन कशासाठी हवंय?"

"दुरुस्त करायला."

"आणि दुरुस्त झाल्यावर?"

"मग काही नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाले आणि शिक्का मारला. या देशाचे मी जे काही उपकार मानते, त्यात हा शिक्का फार वर आहे.

तीन वर्षं शनिवार-शनिवार करत आम्ही ती उभी केली. गंज खरवडला, ब्रेक नवे केले, इंजिन उतरवून परत बसवलं. आणि ती चालायला लागणार, एवढ्यात माझे सासरे तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आले. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी पुण्यातच थांबल्या होत्या, त्यामुळे बाबा एकटेच.

बाबांशी माझं तोवरचं बोलणं म्हणजे "अहो बाबा, चहा ठेवू?" आणि "ठेव." बत्तीस वर्षं त्यांनी पुण्याजवळच्या एका लष्करी वर्कशॉपमध्ये फिटरचं काम केलं, एवढं मला ठाऊक होतं. काय फिट केलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. एका शनिवारी घरात एकटे बसून काय करतील म्हणून त्यांना कोठारावर नेलं. दार सरकवलं, आणि बाबा जागच्या जागी थांबले.

"अगं, ही तर आमची गाडी."

मला वाटलं, म्हातारपणी काहीतरी बोलतायत. पण ते सरळ पुढे गेले, वाकून आत बघितलं आणि बसायच्या जागेखालच्या पत्र्यावर टकटक केलं. "याच्या खाली गिअरबॉक्स. असे किती उघडले असतील, मोजदाद नाही."

आपल्या सैन्यातही हीच गाडी होती, हे मला बाबांकडून कळलं. शेतकरीबुवांना मी जर्मनमध्ये सांगितलं, तर त्यांनी टोपी काढून बाबांशी हात मिळवला. त्यानंतर दोघांना माझी गरज फारशी उरली नाही. गाडी इंची मापाची. शेतकरीबुवा दर नटाला आधी प्लास्टिकमध्ये घातलेलं मॅन्युअल बघायचे, मग पाना शोधायचे. बाबा नटावरून अंगठा फिरवायचे आणि मला म्हणायचे, "पाच सुताचा दे," म्हणजे पाच अष्टमांश इंचाचा. दर वेळी पाच सुताचाच लागायचा. शेतकरीबुवा चार-पाच वेळा मॅन्युअलमध्ये खात्री करून घेत राहिले, मग एके दिवशी मॅन्युअल घेऊन आलेच नाहीत.

परतताना बसमध्ये मी बाबांना विचारलं, "चालवायला कशी असते हो ही?"

"काय माहीत? आम्ही सिव्हिलियन. आम्ही गाडी करून द्यायची, चालवायला जवान यायचा. बत्तीस वर्षांत त्या सीटवर एकदाही बसलो नाही." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चालवून बघायची इच्छा मात्र होती."

बाबा स्वतःहून काही मागणारे नव्हेत. भाजीत मीठ नसलं तरी ते मुकाट जेवतात. म्हणून मी तिथल्या तिथे कबूल केलं, "बाबा, तुम्ही परत जायच्या आत ही गाडी तुम्हीच चालवणार."

आता माझा पराक्रम सांगते. बाबांच्या विमानाला बारा दिवस उरले होते. गाडी सुरू झाली होती, आणि मला म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटायला लागली. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. खरं म्हणजे मलाच आधी चालवायची होती. "बाबा, आधी मी बघते सगळं ठीक आहे ना, मग तुम्ही." आगाऊपणा, दुसरं काय!

या गाडीत डावीकडे जे पेडल आहे, ते क्लचसारखं दिसतं, पण क्लच नाही. आधी छोट्या दांड्याने हवा तो गिअर निवडून ठेवायचा, मग पेडल एकदम तळापर्यंत दाबायचं आणि सोडून द्यायचं. गिअर आपोआप पडतो. पाय काढून घ्यायचा, संपलं. हे मला तोंडपाठ होतं. मॅन्युअलच्या त्या पानाचं जर्मन भाषांतर मीच तर केलं होतं.

पण कोठारासमोर चढ आहे. गाडी निम्मा चढ चढली आणि शेतकरीबुवांनी फाटक उघडेपर्यंत हात दाखवून थांबायला सांगितलं. ज्या बाईने सिंहगड रोडवरच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी शिकली, ती चढावर काय करणार? डोकं बाजूला राहिलं आणि पायाने पेडल अर्धं दाबून धरलं. हाफ क्लच! चांगलं मिनिटभर. आधी काहीतरी जळाल्याचा वास आला, मग पेडल उसळून नडगीवर असं बसलं की मी "आई गं" म्हणून ओरडले, आणि गाडी हळूहळू मागे येऊन कोठाराच्या दाराला टेकली. पहिला गिअर गेला, दुसराही गेला.

शेतकरीबुवांचा चेहरा लालबुंद. बाबा धावत आले आणि पहिलं वाक्य बोलले, "तुला लागलं का?"

मी म्हटलं, "नाही. काय झालं कळलंच नाही." हे मी दोन भाषांत म्हटलं आणि दोन्हींत खोटं होतं.

बाबांनी पत्रा उचलला, आत नाक घालून वास घेतला. या गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला एक पट्टा असतो, तो ड्रमला गच्च आवळून धरतो. पेडल अर्धवट ठेवलं की पट्टा धड सुटत नाही, धड धरत नाही, नुसता घासत जळतो. मला हे माहीत, तर ज्याने आयुष्यभर हेच केलं त्याला माहीत नसेल? शेतकरीबुवांनी मला सांगितलं, "तुमच्या सासऱ्यांना विचारा, कशाने झालं असावं?"

मी विचारलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागावलेले नव्हते, हेच जास्त वाईट. म्हणाले, "सांग त्यांना, जुना माल आहे. होतं असं कधीकधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस सुनेची अब्रू राखायला आपल्या बत्तीस वर्षांच्या कामावर पाणी सोडत होता. गाडीवर आळ घेत होता, जी त्याच्या लेखी अगदी निर्दोष होती. मी शेतकरीबुवांकडे वळले आणि म्हटलं, "ते म्हणतायत जुना माल आहे. पण ते खरं नाही. मी पेडल अर्धं धरून ठेवलं होतं. चूक माझी आहे." मग तेच मराठीत बाबांना सांगितलं, आणि सांगताना मला रडू आलं, कारण माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता: बारा दिवस. मी त्यांची गाडी मोडली होती.

शेतकरीबुवा म्हणाले, "आल्झो, असं आहे तर. आता कारण कळलं." आणि खुंटीवरचा कामाचा डगला काढून माझ्या हातात दिला.

मी ऑफिसातून उरलेली सगळी रजा घेतली. नवऱ्याने रोज सकाळी दोन डबे भरून दिले. त्याबद्दल मी त्याला कुंड्यांची गोष्ट माफ केली आहे. आम्ही गिअरबॉक्सचं वरचं झाकण उघडलं. दोन पट्टे काळेठिक्कर पडले होते. नवे मागवून जकातीतून सुटेपर्यंत बाबा पुण्यात पोचले असते. बाबा म्हणाले, "नवे कशाला? आमच्याकडे कधी नवे आले का?" शेतकरीबुवांच्या फडताळात जुन्या ट्रॅक्टरच्या ब्रेकचं लायनिंग पडून होतं. बाबांनी ते कापलं, तासलं, रिव्हेट मारून पट्ट्यांवर बसवलं. मी दिवा धरायची, आणि जिथे बाबांची बोटं सांधे आखडल्यामुळे वळत नव्हती तिथे माझी घालायची. "दाबू नकोस. हाताला कळेल कुठे थांबायचं ते." मी पगार घेऊन गिअरबॉक्स करते, पण त्यातलं जे मला हाताने कळतं ते त्या नऊ दिवसांत कळलं आहे, आणि ते मला बाबांनी दिलं आहे.

विमान रविवारी दुपारचं होतं. शनिवारी सकाळी झाकण लागलं. कोठारामागे शेतकरीबुवांच्याच शेतातून जाणारा सरळ रस्ता आहे, दोन्ही बाजूंना कापलेलं शेत. गाडी तिथे ट्रॅक्टरने ओढून नेली, कारण यावेळी मी हात लावणार नव्हते. मी म्हटलं, "बसा बाबा."

बाबा तसेच उभे. चपलेच्या टोकाने माती उकरत म्हणाले, "अगं, मला गाडी कुठे चालवता येते? सायकल, आणि पुढे लुना. चारचाकी कधी हातात घेतलीच नाही. तू चालव, मी मागे उभा राहतो. तेवढं पुष्कळ झालं."

शेतकरीबुवांना मी सांगितलं, तर ते हसत सुटले. "क्लच कधी दाबलाच नाही? मग या गाडीसाठी त्यांच्याइतका योग्य माणूस नाही." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पायाला सवय आहे ती तुमच्या."

टोमणा मी गिळला. दोघांनी मिळून बाबांना आत उतरवलं. मी मागे, हुकूम देणाऱ्याच्या जागी उभी राहिले आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. सासऱ्यांच्या अंगाला मी आजवर पाया पडण्यापुरतीच शिवले होते.

"पहिला निवडा. पेडल पूर्ण खाली. सोडा. पाय काढा."

काढला. गाडी गेली! मी ओरडले, शेतकरीबुवा रस्त्याकडेने चालत टाळ्या वाजवत होते. "दुसरा निवडा." बाबांनी निवडला, दाबला, सोडला. साधा खट्ट आवाज नाही, हिसका नाही. तिसऱ्याला मी काही सांगायच्या आतच त्यांनी तो टाकला. रस्ता संपला तिथे त्यांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून बसून राहिले. मी वाकून विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"बत्तीस वर्षं गाड्या करून दिल्या," ते म्हणाले. "बिघडली तर परत यायची, तेव्हा शिव्या खायचो. जी चांगली चालायची, तिचं कुणी येऊन सांगत नसे." त्यांनी गिअरच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "चांगल्या चालत असणार गं त्या."