गूळ प्यालेला चित्रक

कुंभार पिंपळगावची सगुणाबाई चित्रकाची मुळी विकायची. ताजी मुळी ठेचून अंगावर बांधली की दुसऱ्या दिवशी फोड यायचा. फोड आला तर मुळी खरी. सांधे धरलेल्यांना वैद्य तीच लावायचे. बाई प्रत्येक खेपेची मुळी आधी स्वतःच्या दंडावर बांधून बघायची. एकदा नवरा दारू पिऊन अंगावर धावून आल्ता, तर तिनं तोच लगदा त्याच्या तोंडाला चोळला. परत धावला न्हाई.

नवरा पटकीनं मेला आणि चित्रकाच्या झुडपांचा बांध तिच्यात नि दीर मच्छिंद्रात अर्धा-अर्धा झाला. तिची रीत कडक. तुरा दिसला की शेंडा खुडायचा. झाडाचा जीव वर फुलाकडं पळू द्यायचा न्हाई. पाणी कमी, मुळी बारीक, पण झोंबरी. मच्छिंद्रानं छप्पन साली आपल्या अर्ध्यात गुळाचं पाणी ओतलं. मुळ्या अंगठ्याएवढ्या झाल्या. परतूरचे जडीबुटीवाले गोपीकिशन शेट म्हणाले, "एकाचाच माल घेईन. दोन तऱ्हेचा मला नको."

"शेटजी, गूळ पाजलेली हाय ती," सगुणाबाई बोलली. "अंगानं फुगली, आग मेली."

"वैनी, तूच जळून राह्यली," मच्छिंद्र म्हणाला.

"मंग बघू की. माझी तुझ्या दंडावर, तुझी माझ्या. जिची आग कमी, तिच्या धन्यानं बांध सोडायचा."

"कबूल, बिलकुल कबूल!"

शेटजींनी दोन्ही मुळ्या स्वतः ठेचल्या, फडकी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानापुढं अर्धा बाजार गोळा झाला. मच्छिंद्राचं फडकं सुटलं. कातडी लाल, दोन बारके फोड. सगुणाबाईचं निघेचना. पाणी मारून ओढलं तर कातडीच संगं आली. खाली उघडं मांस, त्यातून लस गळत होती. गुळानं आग मारली नव्हती, चेतवली होती.



मच्छिंद्र खदखदून हसला. "वैनी, अजून एक दिवस ठिवली असती तर हाडच दिसलं असतं!"

सगुणाबाईनं शेजारी टेकलेली कुदळ उचलली आणि दांडा त्याच्या तोंडावर घातला. दोन दात शेटजींच्या गादीवर पडले. दुसऱ्या तडाख्याला गळ्याखालचं हाड कडकन मोडलं. तिसऱ्याला हमाल पाशामियाँनी तिला मागून मिठी मारून धरलं, तेव्हा ती त्यांच्या मनगटाला चावली.

"अगं बाई, पैज हारली म्हणून जीव घेती का?" शेटजी गादीवरून ओरडले.

"पैज हारले, बांध त्याचा. त्याची मुळी खरी हाय, तीच घ्या." ती रक्त थुंकली. "मारलं ते हसला म्हणून."

आठ दिवसांत तिनं आपला अर्धा बांध मोकळा करून दिला. मच्छिंद्र मालक झाला. पण पलीकडच्या शेतात ती खुरपायला आली की तो बांधावर पाय ठेवत नसे.