तिसरीच्या वर्गात अण्णा

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते मनमाडला एकटेच राहत होते. दवाखान्यातून मी त्यांना सरळ नाशिकला आमच्या घरी आणलं. पाय हळूहळू सावरला, उजवा हात निम्माशिम्मा सावरला, पण शब्द गेले ते गेलेच. समोरच्याचं सगळं कळायचं. स्वतः बोलायला गेले की भलतंच काहीतरी तोंडातून निघायचं. पाणी हवं असलं की 'चप्पल' म्हणायचे, आणि आपण चुकलो हे सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळायचं. मग ओठ घट्ट मिटून बसून राहायचे. रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी केलेला, फलाटावर ओळख नसलेल्या माणसाशीही गप्पा ठोकणारा हा माणूस.

बोलणं सुधारावं म्हणून उपचाराला एक बाई यायच्या. चित्रांचे तक्ते धरून विचारायच्या, "काका, हे काय आहे?" आंबा, बस, छत्री. अण्णा काही दिवस कसेबसे बसले. मग एकदा त्यांनी डाव्या हातानं तक्ता पालथा घातला आणि उठून आत गेले.

"त्यांना अपमान वाटतो," बाई मला म्हणाल्या. मलाही ते दिसत होतं. मग त्यांचं येणं थांबलं.

माझी लेक तेव्हा तिसरीत होती. दप्तर टाकलं की शाळा-शाळा खेळायची, हा तिचा जुना नाद. आतापर्यंत तिच्या वर्गात उशा बसायच्या. आता खराखुरा विद्यार्थी मिळाला. मी घरूनच काम करते, त्यामुळे तो वर्ग रोज माझ्या कानांवर पडायचा. सकाळी शाळेत जे झालं तेच संध्याकाळी घरी. मराठीत जोडाक्षरं, गणितात हातच्याची वजाबाकी, इंग्रजीत घरातल्या वस्तूंची नावं, परिसर अभ्यासात नळाला पाणी कुठून येतं ते.

"लक्ष कुठंय तुमचं? सांगा, कुठून येतं?"

अण्णा प्रयत्न करायचे. "गं... गं... गहू."

"चूक. गंगापूर धरण. पाच वेळा म्हणा."

आणि ते म्हणायचे! बाईंच्या तक्त्यापुढे ते आजारी माणूस होते. नातीपुढे फक्त ढ विद्यार्थी होते, आणि ढ असणं त्यांना चालत होतं. शिवाय वजाबाकीत हातचा कुठून आणायचा हे तिलाही धड कळलेलं नव्हतं. दोघं एकाच गणितापाशी अडून बसायचे.

पाढ्यांच्या दिवशी मी काम सोडून बाहेर आले. तिनं 'सात एके सात' म्हणून सुरुवात केली आणि अण्णा तिच्या पुढे निघाले, सातचा पाढा खणखणीत संपवून आठच्याला लागले. मी उपचाराच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ओळीनं पाठ झालेलं असतं ना, ते बऱ्याचदा शाबूत राहतं."

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक आपापल्या जिल्ह्याचं असतं. नाशिक जिल्ह्याचा नकाशा लेकीनं अण्णांच्या मांडीवर पसरला आणि विचारलं, "मनमाड दाखवा." त्यांनी बोट ठेवलं. मग ते बोट रेल्वेच्या रेषेवरून सरकायला लागलं, आणि त्याबरोबर आवाजही. "मनमाड, समिट, लासलगाव, उगाव, निफाड..." नाशिकरोडला ते थांबले. लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी नकाशाकडे बघत राहिले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं हे वर्गात सांगितलं. तिच्या बाईंचा फोन आला, "आजोबांना आणाल का? जिल्ह्याचाच पाठ चाललाय." अण्णांनी जोरजोरात 'नाही' अशी मान हलवली. लेक म्हणाली, "मी सगळ्यांना सांगून बसलेय. आता माझं काय?" तेव्हा त्यांनी पांढरा शर्ट मागितला. म्हणजे त्याच्याकडे बोट केलं.

वर्गात बाईंनी फळ्यावर लांबच लांब रेघ ओढली. अण्णा एकेक स्टेशन म्हणत गेले, पोरं मागून ओरडत गेली, बाई रेघेवर खुणा करत गेल्या. नाशिकरोड, देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी. आणि तिथं गाडी थांबली. अण्णांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं शब्द आला, "छत्री."

मी खाली बघितलं. आता हसतील, असं मनात आलं.

कुणीच हसलं नाही. पुढच्या बाकावरचा एक मुलगा अगदी सहज म्हणाला, "आजोबा, पहिलं अक्षर आठवा." त्याच्या शेजारची मुलगी मदतीला आली, "घो... घो..." बाकीचे वाट बघत होते. त्यांना ती सवयच होती. त्या खोलीत रोज कुणी ना कुणी वाचताना अडायचं, फळ्यापाशी जाऊन गप्प उभं राहायचं, आणि वर्ग थांबायचा. अडलेल्या माणसाला कसं वागवायचं, हे त्यांच्या कुठल्याच विषयात नव्हतं, तरी त्यांना येत होतं. मोठी माणसं भेटायला यायची तेव्हा अण्णांचं वाक्य घाईनं स्वतःच पुरं करून टाकायची. मीही त्यातलीच.

"घोटी," अण्णा म्हणाले. "इगतपुरी."

"आणि पुढे?" मागून कुणीतरी विचारलं.

अण्णांनी हात उतरता करून दाखवला. "पुढे घाट," ते म्हणाले. हे पाठ केलेल्या ओळीतलं नव्हतं.

अण्णा पूर्वीसारखे बोलके झाले नाहीत, होणारही नाहीत. पण उपचाराच्या बाई पुन्हा यायला लागल्या आणि ते बसायला लागले, नात शेजारी असेल तरच. आता पाणी मागतात, भाजीत मीठ कमी असलं तर सांगतात, रागही शब्दांत काढतात.

या जूनमध्ये लेकीच्या चौथीच्या नव्या पुस्तकांना कव्हरं घालायला ते बसले. उजवा हात कागदावर वजनासारखा ठेवून डाव्या हातानं घड्या घातल्या. लेबलवर नाव त्यांनीच लिहिलं, वाकडंतिकडं पण बिनचूक. इयत्तेपुढे मात्र 'तिसरी' लिहिलं. मी दुसरं लेबल शोधायला लागले. तेवढ्यात लेकीनं पेन घेतलं आणि पुढे एक शब्द जोडून दिला: 'पास'.