सुगडातला चिनी काढा

काकूंचा भाचा ओझरच्या विमान कारखान्यात आहे. त्याचा मित्र चीनला जाऊन आला, तो काकूंच्या संधिवातासाठी तिकडच्या झाडपाल्याची पुडकी घेऊनच. वर सगळी चिनी अक्षरं. मी काकूंकडे राहून घरकाम करणारी, सातवीत शाळा सोडलेली, पण त्या दिवशी अख्खं घर माझ्याच वर्गात बसलं होतं.

"मातीच्या भांड्यात उकळायचं म्हणे," पुडकी हातात देऊन एवढं सांगून भाचा गेला. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मातीचं भांडं कुठलं? संक्रांतीची सुगडं तेवढी माळ्यावर होती. ती इवलीशी. काढा उतू गेला, शेगडी काळी झाली, घरभर ओल्या गोणपाटाचा वास. उरलेला काढा काकूंनी आधी देवापुढे ठेवला.

"देवालाही संधिवात झाला का जी, काकू?"

"गप गं! नवीन काही आलं की पहिलं त्याला."

मी हसले खरी, पण हसू टिकलं नाही. काकू म्हणाल्या, "आजपासून डॉक्टरांची ती आठवड्याची गोळी बंद. दोन औषधं एकत्र चालत नाहीत. पथ्य असतं."

मागे गोळी चुकली तेव्हा त्यांची बोटं अशी सुजली होती, की चहाचा कप मला त्यांच्या तोंडाशी धरावा लागला. आणि याच बोटांनी, मी गोंदियाकडून कामाला आले त्या दिवशी, रडत बसले म्हणून त्यांनी मला ताट वाढलं होतं.

"काकू, आधी डॉक्टरांना दाखवू ना."

"किती भित्री गं तू!"

"आहे जी. चला."

डॉक्टरांनी पुडकं टेबलावर उघडलं, पेनानं काड्या हलवल्या. "दालचिनी दिसतेय, ज्येष्ठमध दिसतंय. बाकीचं मला ओळखता येत नाही. तिकडचे वैद्य माणूस तपासून देतात, हे असं परस्पर घ्यायचं नाही. तुमच्या गोळीचा लिव्हरवर आधीच भार आहे. गोळी मात्र सोडू नका. प्यायलात का हे?"

"मी नाही. देवानं."

डॉक्टर खो खो हसले.

रिक्षात काकू माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत बसल्या. मला वाटलं, संपलं, आता बॅग भरायची. घरी आल्यावर त्यांनी जवळ बोलावलं आणि माझा कान असा पिळला, की डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं?"

"लई!"

"म्हणजे बोटं चालतात अजून," त्या खुशीत म्हणाल्या. "जा, पाणी आण. आज गोळीचा वार आहे."