बिन अंगाचा कामगार

पंचशील तायडे इंदूरच्या एका कापडगिरणीच्या फाटकावर बसायचे तेव्हा भलेभले साचेवाले विणकर त्यांना वचकून असत, आणि ते तायडेंना मनातून आवडायचंही. काम तसं साधं होतं. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला, त्यावर नंबर. आत जाताना तो पत्र्याच्या पेटीत टाकला की हजेरी लागली. आता एखादा बहाद्दर दोन बिल्ले टाकायचा, एक स्वतःचा आणि एक घरी घोरत पडलेल्या दोस्ताचा. तायडे मानही वर न करता विचारायचे, "दूसरा किसका है, भिया?" एका हातातून दोन बिल्ले पडले की आवाज वेगळा येतो, असं त्यांचं म्हणणं. चोवीसशे कामगार, तीन पाळ्या आणि हा कान. हजेरीपटावर खोटं नाव चढवायची कुणाची छाती झाली नाही.

धर्मांतराच्या पुढच्या वर्षी जन्मले म्हणून आजोबांनी नाव पंचशील ठेवलं होतं. आजोबा महूच्या छावणीतले फौजी, नियम म्हणजे नियम. नातवाने तो वारसा इतका मनावर घेतला की एकदा मालकांचा जावई बिल्ल्याशिवाय आत निघाला तेव्हा त्यालाही फाटकावर उभं केलं. पाय लटपटत होते, पण हात आडवा तो आडवाच.

मग एका हिवाळ्यात भोंगा वाजायचा थांबला. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत पाटणीपुऱ्याच्या कामगारवस्तीतली माणसं वर्षभर फाटकापर्यंत जाऊन परत येत राहिली. पुढची सात वर्षं तायडेंनी काय केलं हे विचारू नये. राजवाड्याच्या बाजारात साड्यांच्या घड्या घातल्या, सोयाबीनच्या कारखान्यावर चौकीदारी केली, टेम्पोवर हमाली केली. पोट भरत होतं, पण त्यांचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नव्हतं. हे दुःख त्यांनी फक्त बायकोला, गयाबाईला सांगितलं होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहिली त्याचंच नाव कुठे नसावं, ही काय गंमत म्हणायची?

नव्व्याण्णव साली बडा गणपतीच्या बाजूला एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्यांना काम मिळालं, तेही ठेकेदाराच्या मार्फत. काम टाइम ऑफिसचं. रोज सकाळी दोनशे अकरा माणसांची हजेरी तायडे घेत, आणि त्या दोनशे अकरांत तायडे नव्हते. ठेक्याच्या माणसाचं नाव मस्टरवर चढत नाही. दवाखान्याचे व्यवस्थापक प्रतापराव, होळकरांच्या फौजेतल्या सरदाराचे पणतू, मिशांवरून हात फिरवत एवढंच म्हणाले होते, "तायडे, एप्रिलअखेरपर्यंत काम बघू. ठीक वाटलं तर कायम करू. नाही तर राम राम." म्हणजे ते मस्टर की पुन्हा साड्यांच्या घड्या, एवढाच प्रश्न होता. दोन हजार साल उजाडलं तेव्हा तायडे दिवस मोजत होते.

तोवर दवाखान्यात कॉम्प्युटर आले होते. ते बसवले मधुरिमाने. वय सव्वीस, बोलणं भरभर, अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि कामाचं सगळं इंग्रजी. नोकरी सोडून गेलेल्या नर्सेसचे पासवर्ड तसेच चालू राहतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. म्हणून तिने तायडेंना एक पडदा उघडून दिला. "तायडेजी, ज्यांना ज्यांना कॉम्प्युटर खोलायची परमिशन आहे, त्यांची ही लिस्ट. महिन्यातून एकदा मस्टरशी मिलवायची. जो गेला त्याच्या नावापुढे 'बंद' करा. चालू करणं माझ्याकडे."

तायडेंना हे काम फार आवडलं. हा तर बिल्लाच! नुसता दिसत नाही एवढंच.

रंगपंचमी झाली, तीन आठवडे गेले, आणि तायडे पहिल्यांदाच यादी घेऊन बसले. चौसष्ट नावं. एकेका नावावर पेन्सिलीने खूण करत ते खाली आले आणि एका नावाशी थबकले. 'लॅबसर्व्हिस'. असलं आडनाव त्यांनी इंदुरात तरी ऐकलं नव्हतं. मस्टर चाळलं, नाव नाही. रजेचा अर्ज नाही, एक खाडा नाही. पुढच्या रकान्यात कामाच्या वेळा होत्या, त्या पाहून तर तायडे खुर्चीत सरळच झाले. हा इसम रविवारी कामावर, दिवाळीला कामावर, आणि रंगपंचमीला दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनीही कामावर!

रंगपंचमीच्या दुपारी? सारं इंदूर राजवाड्यावर रंग उधळत निघणारी गेर बघायला लोटलेलं असतं, डॉक्टरसुद्धा हिरवेनिळे होऊन घरी जातात. त्या वेळी मन लावून काम करणारा माणूस इंदूरचा असूच शकत नाही. तायडेंच्या मते तो मुळात माणूसच नव्हता. कुणाच्या तरी खिशातला दुसरा बिल्ला होता. एवढ्या वर्षांनी त्यांच्या कानात पुन्हा तो जुना आवाज आला. बोगस हजेरी पकडली! आता प्रतापराव बघतील, तायडे काय चीज आहे. त्यांनी 'बंद'वर बोट दाबलं, पेन्सिल कानावर खोचली आणि चहा मागवला.

चहा संपतो न संपतो तोच तिसऱ्या मजल्यावरची आया गंगूबाई धापा टाकत खाली आली. वॉर्डातल्या पडद्यावर गेल्या अर्ध्या तासात एकाही पेशंटचा रिपोर्ट उतरला नव्हता. एका बाईच्या रक्तातली साखर एकाएकी घसरली होती. लॅबने तपासणी करून आकडा केव्हाच भरला होता, आणि वर डॉक्टर कोऱ्या पडद्याकडे बघत बसले होते. म्हणून कॉम्प्युटरला चार शिव्या घालून गंगूबाई स्वतःच जिने उतरली होती. तिने लॅबमधून कागद घेतला आणि ती पुन्हा तीन मजले चढली. बाई वाचली. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर वाचली नसती.

देवासला गेलेल्या मधुरिमाला फोन गेला. ती दुपारी पोहोचली तेव्हा प्रतापरावांच्या खोलीत आरडाओरडा चालला होता. मशीनचाच दोष आहे, लाइट गेली असेल, कंपनीवाल्याला बोलवा. कुणाला काही ठाऊक नव्हतं. दाराशी उभ्या तायडेंना मात्र एव्हाना उमगलं होतं, इकडे 'लॅबसर्व्हिस' बंद झालं आणि तिकडे लॅबचे रिपोर्ट बंद झाले. गप्प राहिले असते तर चाललं असतं. एप्रिल संपायला फक्त चौदा दिवस उरले होते.

"साहेब, मशीनचा दोष नाही. मी बंद केलं," तायडे म्हणाले. "मला वाटलं, बोगस आदमी आहे."

प्रतापरावांच्या मिशा थरथरल्या. "बोगस? अरे तायडे, तुला कोणी सांगितलं होतं ही हुशारी करायला? बाई गेली असती तर?"

चोवीसशे माणसांना अडवणारा हा माणूस त्या खोलीत मान खाली घालून उभा होता.

मधुरिमाने आधी 'लॅबसर्व्हिस'चं खातं चालू केलं, वॉर्डातून रिपोर्ट उतरल्याचा निरोप आला, आणि मग ती तायडेंकडे वळली. ती चिडलेली नव्हती, हेच नवल. "तायडेजी, तुमची बात अर्धी बरोबर होती. तो माणूस नाहीच. लॅबचा प्रोग्राम एका कंपनीचा, वॉर्डचा दुसऱ्या कंपनीचा. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. मग मध्ये कोणीतरी पाहिजे ना, इकडचा रिपोर्ट उचलून तिकडे ठेवणारा? त्याला सर्व्हिस अकाउंट म्हणतात. त्याला नाव आहे, पासवर्ड आहे, बस. अंग नाही."

"अंग नाही," तायडे पुटपुटले. "आणि रंगपंचमीलाही...?"

"दर मिनिटाला. दिवसरात्र."

तायडे बाजूच्या स्टुलावर बसले. लाज होतीच, पण तिच्यावर आता काहीतरी निराळंच चढत होतं. चोवीसशे माणसं त्यांनी पाहिली होती, कामचुकार, इमानदार, दारुडे, देवमाणसं. पण भूक नाही, झोप नाही, सण नाही, आणि एका बाईचा जीव या टोकाहून त्या टोकाला नेऊन पोहोचवतो, वर कुणाला दिसतही नाही! असा कामगार त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि तोच आपण फाटकाबाहेर काढला होता.

मग त्यांनी विचारलं, "मॅडमजी, याचा जॉबर कोण?"

"म्हणजे?"

"गिरणीत प्रत्येक कामगारामागे एक जॉबर असायचा. आदमीने गडबड केली तर धरायचं कोणाला? जॉबरला. याचं काय? हा कोणाचा आदमी? कोणत्या खात्यात जातो? आणि बिल्ला कोणाजवळ असतो?"

मधुरिमा हळू आवाजात म्हणाली, "घाईत बसवला तेव्हा मी त्याला सगळंच खोलून दिलं. लॅब, वॉर्ड, औषधं, सगळ्या पेशंटच्या फाइली. आणि पासवर्ड..." तो लॅबच्या भिंतीवर चिठ्ठीला लिहून चिकटवलेला होता. येणारा जाणारा तोच वापरून आत शिरत होता. म्हणजे दुसरा बिल्ला खराच होता, एकाच्या नाही, सगळ्यांच्या खिशात.

"मग तर सत्यानाश," तायडे उठलेच. "रंगखात्याचा आदमी साचेखात्यात दिसला की आम्ही बाहेर काढायचो. आणि इथे हा सारी गिरणी फिरतो?"

त्या दुपारी तायडे सांगत गेले आणि मधुरिमा लिहीत गेली. गिरणीत अकरा वर्षं जे त्यांच्या बोटांत होतं ते त्यांनी पहिल्यांदाच शब्दांत मांडलं. जेवढं काम तेवढंच दार. जुनं खातं तिने काढून टाकलं आणि नवं उभं केलं. हा लॅबचा रिपोर्ट फक्त वाचणार, वॉर्डच्या एका रकान्यात फक्त ठेवणार, बाकी कुठलीही फाइल त्याला दिसणार नाही. कामही तो एकाच मशीनवरून करणार. पासवर्ड मशीननेच बनवला, लांबलचक, कुणाच्या तोंडात बसणार नाही असा. तो लाखबंद पाकिटात तिजोरीत ठेवायचा आणि तीन महिन्यांनी बदलायचा, असं ठरलं.

"आता बघा," म्हणत मधुरिमाने पाकीट बंद करण्याआधी प्रतापरावांना खुर्चीवर बसवलं. खात्याचं नाव खरं, पासवर्ड खरा. प्रतापरावांनी एकेक अक्षर शोधत दोन बोटांनी टाइप केलं. पडद्यावर उत्तर आलं की या नावाने इथून आत येता येणार नाही.

"अरे, मी व्यवस्थापक आहे!" प्रतापराव पडद्याला म्हणाले. पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच उत्तर.

तायडे मागे उभे राहून बघत होते. मालकांच्या जावयाला अडवताना त्यांचे पाय लटपटले होते. याचे लटपटले नाहीत. याला पायच नव्हते. तायडेंनी नकळत टाचा जुळवल्या.

शेवटी एक कागद उरला. त्यावर खात्याचं नाव, काम, आणि तिसरी ओळ तायडेंच्याच सांगण्यावरून घातलेली. याच्यासाठी जबाबदार कोण. खाली चौथी ओळ, तीही त्यांचीच. जबाबदार माणसाचा मस्टर नंबर. ज्याचं स्वतःचं नाव पटावर नाही त्याने दुसऱ्याची जामीनकी घ्यायची नाही, हा गिरणीचा कायदा त्यांनी तासाभरापूर्वी मोठ्या तोऱ्यात सांगितला होता.

मधुरिमाने तिसऱ्या ओळीत लिहिलं, पंचशील तायडे.

"नका लिहू, मॅडमजी," तायडे म्हणाले. "माझा नंबर नाही. मी ठेक्याचा आहे. माझ्याच नियमाने मी बसत नाही."

मधुरिमाने नाव खोडलं नाही. ती प्रतापरावांकडे नुसती बघत राहिली. प्रतापरावांनी कागद ओढून घेतला, दोनदा वाचला. "ज्याने बंद केलं त्याच्याच हाती द्यायचं?" ते स्वतःशीच म्हणाले. मग आवाज चढला. "आणि ज्याने स्वतःहून येऊन सांगितलं, त्याच्या हाती नाही तर काय त्या लॅबवाल्यांच्या हाती द्यायचं? मस्टर आण, तायडे!"

तायडेंनी मस्टर आणलं. प्रतापरावांनी दोनशे अकराच्या खाली स्वतःच्या हाताने ओळ लिहिली. सही करायला तायडेंनी पेन घेतलं तेव्हा त्यांना दोन मिनिटं नीट दिसेना.

संध्याकाळी पाटणीपुऱ्यात पोहोचल्यावर चपला काढण्याआधीच ते म्हणाले, "गयाबाई, आज दोघं जण कामाला लागलो. एक मी."

"आणि दुसरा कोण?"

तायडेंनी जमेल तसं सांगितलं. अंग नाही, जेवत नाही, झोपत नाही, सुट्टी मागत नाही, रंगपंचमीलाही कामावर. साहेबालासुद्धा दाद देत नाही. सांगताना त्यांचे डोळे मोठे होत होते. गयाबाईचा लाटणं धरलेला हात थांबला. गिरणी बंद होताना पाहिलेली बाई ती.

"अहो, असे आदमी यायला लागले, तर मग तुमच्यासारख्यांना कोण ठेवणार?"

तायडेंना हे सुचलंच नव्हतं. ते ओट्याला टेकून उभे राहिले.

"त्याच्या कागदावर एका माणसाचं नाव लागतं," ते म्हणाले. "तसा नियम आहे. आज दुपारी मीच सांगितला."