आमचा होन्मा बिनकामाचा

आमच्या वरच्या खोलीत राहायला आलेला होन्मा पहिले सहा महिने काही बोललाच नाही. सकाळी "जातो", संध्याकाळी "आलो", आणि जेवण झालं की "छान होतं". मी बायकोला म्हणालो, "अगं, हा भाडेकरू आहे की भिंतीवरचं घड्याळ? घड्याळसुद्धा तासातासाला वाजतं." फुसाए म्हणाली, "अकिताकडची, पार उत्तरेची माणसं अशीच हो. थंडीत तोंड उघडलं की बर्फ आत जातो." अकिताची माणसं मी फारशी पाहिलेली नाहीत, पण हा एक नमुना मला पुरेसा होता.

योहेइ होन्मा आमच्या मात्सुयामाच्या विद्यापीठात शिकायचा. छंद म्हणाल तर झाकणं. रस्त्यावरच्या गटारांची झाकणं! प्रत्येक गावाने आपल्या झाकणावर काही ना काही चित्र काढलेलं असतं म्हणे. एकाहत्तर वर्षं झाकणांवरून चालूनही मी कधी खाली पाहिलं नव्हतं. सुट्टी लागली की हा पाठीला पिशवी लावून सगळ्यांत सावकाश चालणारी गाडी शोधणार, कुठल्यातरी स्टेशनवर उतरणार, मान खाली घालून गाव पालथं घालणार आणि परत येणार. होक्काइदोला जाऊन आला तेव्हा मी विचारलं, "समुद्र कसा होता रे?" तो गोंधळून म्हणाला, "समुद्र?" फोनमध्ये मात्र हाकोदातेच्या झाकणावर नाचणारे माकूल मासे चारही बाजूंनी टिपलेले होते. आमच्यासाठी मिठाईचा डबा आणायला मात्र तो कधी विसरला नाही, आणि शेजाऱ्यांसाठी वेगळा.

तर असा हा माणूस, ज्याला जेवताना आपल्या भाषेत मीठ मागवत नाही, तो इंग्रजी शिकायला निघाला होता. विद्यापीठातून दर वर्षी एका विद्यार्थ्याला कॅनडाला पाठवायचे, पूर्ण वर्षासाठी, आणि त्याची मुलाखत इंग्रजीत व्हायची. दुसऱ्या वर्षी होन्मा गेला, पाच मिनिटं खुर्चीवर बसला, उठून वाकला आणि बाहेर आला. एक शब्द फुटला नाही. तिसऱ्या वर्षी शेवटची संधी होती.

"कशाला जायचंय तुला एवढं?" मी विचारलं. "तिकडची झाकणं साधी असतील."

त्याने भाताचा वाडगा खाली ठेवला. मग म्हणाला, "तिथे कुणाला माहीत नसेल, काका."

"काय माहीत नसेल?"

"की मी गप्प असतो."

मी त्याच्या वाडग्यात आणखी भात वाढला. पोराने सांगितलं ते मला लागलं.

आमची संत्र्यांची बाग पन्नासाव्या देवळाच्या चढाखाली आहे. अठ्ठ्याऐंशी देवळांची पायी यात्रा करणारे सगळे आमच्या कुंपणाला लागूनच जातात, आणि फुसाए गेली चाळीस वर्षं वळणावर टोपली घेऊन बसायची. यात्रेकरूच्या हातावर संत्रं ठेवायचं, त्याने ते घ्यायचंच. नाही म्हणायची रीत नाही. तिचे गुडघे गेले त्या पावसाळ्यानंतर एके दिवशी मी बघतो तर टोपली जागेवर नाही आणि होन्माही नाही. वळणावर दगडावर बसला होता, टोपली मांडीवर घेऊन. त्याला कुणीही सांगितलं नव्हतं.

हल्ली यात्रेकरूंत निम्मे परदेशी असतात. संत्रं घेतलं की तिथेच बसून सोलतात आणि सोलता सोलता बोलतात. बोलतात कशाबद्दल, तर पायांबद्दल. दीड-दोन महिन्यांत होन्माचं इंग्रजी असं वाढलं की विचारू नका, पण सगळं गुडघ्याच्या खालचं. टाच, फोड, घोटा, नख, मोजे! हवापाण्यावर दोन वाक्यं बोल म्हटलं तर अडायचा, पण फोड कसा फोडावा आणि कसा फोडू नये यावर तो व्याख्यान द्यायचा. मी त्याला म्हणायचो, "कॅनडात तुला चांभाराकडे ठेवणार आहेत का?" तो हसायचा. हसायला लागला होता, हेही काही कमी नव्हतं.

डिसेंबरात मुलाखत झाली. संध्याकाळी आम्ही दोघं दारातच उभे होतो.

"बोललास?" फुसाएने विचारलं.

"बोललो. लिंडग्रेन बाईंच्या टाचेला पट्टी होती. मी त्यांना मोजे उलटे घालायला सांगितलं."

लिंडग्रेन बाई म्हणजे निवड करणाऱ्या प्राध्यापिका, मूळच्या कॅनडाच्या. "आणि?" मी म्हणालो.

"त्या म्हणाल्या, तुझं इंग्रजी छान झालंय. मी म्हणालो, छे, फारच वाईट आहे. त्यांनी विचारलं, एकटा राहू शकशील का? मी म्हणालो, मला काही जमत नाही, लोकांना माझा त्रासच होतो."

"बरोबर बोललास," फुसाए म्हणाली. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. कुणी तोंडावर चांगलं म्हणालं आणि आपण हो म्हणालो, तर तो काय माणूस झाला?

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी फोन वाजला. लिंडग्रेन बाईच होत्या, बोलत होत्या आमच्याच भाषेत. मला म्हणाल्या, "ओची-सान, होन्मा तुमच्याकडे तीन वर्षं राहतोय. कसा आहे मुलगा?"

मी ताठ बसलो आणि माझ्या आईने शिकवलं तसं उत्तर दिलं. "अहो कसला मुलगा, शुंभ आहे नुसता. बिनकामाचा. तोंडात जीभ नाही, भात लावला तर करपवतो, रस्त्याने चालतो तो गटारं बघत. तुम्हाला आमच्यामुळे फार तसदी पडणार, आधीच माफी मागतो." फोन ठेवला आणि छान निभावलं म्हणून खूश होऊन सूप ओढून घेतलं.

फुसाएच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या होत्या. "अहो," ती म्हणाली, "ती बाई परदेशी आहे. तिला ते खरंच वाटेल. काल यानेही तेच सांगितलंय, आज तुम्ही शिक्का मारलात."

मी सूपाचा वाडगा परत खाली ठेवला. होन्मा समोरच बसला होता. "ठीक आहे, काका," तो म्हणाला, भांडी उचलून धुतली आणि वर गेला. त्याने तेवढं "ठीक आहे" म्हटलं नसतं तर मी कदाचित झोपलो असतो.

सकाळी टेम्पो काढला. विद्यापीठात कोण कुठे बसतं हे मला काय माहीत, म्हणून त्यालाच बरोबर घ्यावं लागलं, आणि हीच मोठी अडचण होती. उभ्या आयुष्यात मी घरच्या माणसाला चारचौघांत चांगलं म्हटलेलं नाही. लग्नात लोकांनी फुसाएचं कौतुक केलं तेव्हाही मी "कसली, हट्टी आहे" असंच म्हणालो होतो.

लिंडग्रेन बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो. कान तापले. होन्मा मागे उभा.

"काल मी बोललो ते... म्हणजे हा मुलगा वाईट नाही," मी म्हणालो. बाई नुसत्या बघत राहिल्या, म्हणून पुढे बोलावंच लागलं. "माझ्या बायकोचे गुडघे गेले तेव्हा याने न सांगता टोपली उचलली. भिजत बसतो, पण जागा सोडत नाही. एक म्हातारी यात्रेकरू चढावर बसून रडत होती, तिची पिशवी घेऊन तिला पुढच्या देवळापर्यंत सोडून आला, आणि त्या दिवशी याची परीक्षा होती. आम्हाला सांगितलंसुद्धा नाही, तिच्या पत्रावरून कळलं. याची गाडी उशिरा असली की माझी बायको दारात जाऊन उभी राहते. मीही राहतो. हा कॅनडाला गेला तर आमचं घर सुनं होईल, पण त्याला पाठवा. बोलायला लागलाय तो."

एवढं बोलून मला घाम फुटला.

बाई हसल्या. "ओची-सान, मी इथे अठरा वर्षं राहतेय. भाडेकरूबद्दल विचारलं की घरमालक सांगतात, फार चांगला मुलगा आहे. म्हणजे त्यांना तो माहीतच नसतो. तुमच्याइतकी निंदा मी फक्त आईबापांच्या तोंडून ऐकते. परदेशात याचं मन लागलं नाही तर याला फोन करायला घर आहे का, एवढंच मला बघायचं होतं. याचं नाव मी कालच लिहिलं."

मी चिडलोच. "मग मी आत्ता एवढं बोललो ते सगळं फुकट गेलं की!"

"फुकट नाही गेलं, काका," मागून होन्मा म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने म्हणाला की पलीकडच्या टेबलावरच्या कारकून बाई मान वर करून बघायला लागल्या.