मावशीचा डावा गाल

सावर्ड्याहून आत वळणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, आणि गावात शिरल्या शिरल्या आप्पांची पिठाची गिरण. पण आप्पांची खरी ओळख पिठाची नाही. शिमग्यात नमनाचे खेळ करणारं आमचं मंडळ आहे, त्यात ते मावशी करतात. नमनातली गवळण ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची म्होरकी ती मावशी. जिभेची फटकळ, चालीची ठसकेबाज, आणि लुगड्यात असतो पुरुष. आप्पांसारखा आडदांड माणूस नऊवारी नेसून कमरेवर हात ठेवून उभा राहिला की पहिला शब्द निघायच्या आत मांडव हसायला लागतो. मी मृदंग वाजवतो, त्यामुळे हे सगळं मी इतकी वर्षं अगदी हाताच्या अंतरावरून बघत आलोय. त्यांचं सगळं भांडवल चेहऱ्यात. एक गाल फुगवायचे, एक भुवई चढवायचे, आणि खालचा ओठ असा पुढे काढायचे की माझा ठेका चुकायचा.

यंदा शिमग्याला महिनाभर असताना, एका सकाळी, आप्पांनी चूळ भरली ती सगळी सदऱ्यावर सांडली. त्यांची बायको, आमच्या सखूवहिनी, अंगण झाडत होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"अवो, शिमगा अजून लांब हाय. आतापासून सोंगा नकोत."

"मी कुठं सोंग करतोय? फानी दे, फुसायला फंचा दे."

वहिनी हसायला लागल्या. प काही केल्या प होईना, फ होत होता. वहिनी हसत राहिल्या, आप्पा चिडत राहिले, आणि चिडताना तोंडाची उजवी बाजूच तेवढी चिडली. डावी जिथल्या तिथे लोंबत राहिली. तेव्हा वहिनींच्या हातातला झाडू पडला.

त्यांनी शेजारच्या घरातून मला हाक मारून बोलावलं. रिक्षा करून आम्ही तिघं सावर्ड्याला दवाखान्यात निघालो. अर्धांगवायूचा विचार तिघांच्याही मनात होता आणि तिघांनीही तो तोंडाबाहेर काढला नाही. आप्पा डाव्या हाताची मूठ उघडून बघत होते, मिटून बघत होते. हात चालत होता.

डॉक्टर ऋजुता मॅडम तरुण होत्या. त्यांनी आप्पांना चालायला लावलं, हात वर करायला लावले, नाव गाव विचारलं. मग म्हणाल्या, "कपाळाला आठ्या घाला बघू."

उजवीकडे आठ्या पडल्या. डावी बाजू इस्त्री फिरवल्यासारखी सपाट.

"मला बघून तर रोज दोनी बाजूंनी पडतात," सखूवहिनी घाबऱ्या आवाजात म्हणाल्या.

मॅडमनी ओठ दाबले, पण हसू सुटलंच. मग त्या खुर्चीत सैल बसल्या. "आप्पा, हा अर्धांगवायू दिसत नाही. कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून निरोप येतो. मेंदूत एका बाजूला बिघाड झाला तर बहुतेक वेळा कपाळ चालू राहतं. तुमचं कपाळही बंद आहे. म्हणजे मेंदू निरोप पाठवतोय, वाटेत नस अडलीय. कानामागच्या हाडात एक बोगदा असतो, त्यातून ही नस चेहऱ्यावर येते. ती सुजली. बोगदा काही तिच्यासाठी रुंद होत नाही. चेपली गेली बिचारी."

दुसरा कुणी असता तर गोळ्या घेऊन उठला असता. आप्पांचा जीव भांड्यात पडला होता आणि त्या आनंदात त्यांना सगळंच ऐकायचं होतं.

"फन निरोफ जातो कसा? तारेत करंट जातो तसा?"

"करंटच, पण एवढा सरळ नाही. मज्जापेशीचा लांब धागा असतो. त्याच्या भिंतीला बारीक बारीक दारं. एक दार उघडलं की मिठातले कण आत घुसतात. त्या धक्क्याने पुढचं दार उघडतं, मग त्याच्या पुढचं. आणि धाग्यावर चरबीचं वेष्टण असतं, मध्ये मध्ये उघडं. निरोप त्या उघड्या जागांवरून उड्या मारत जातो, म्हणून तर इतका चटकन पोचतो."

"म्हंजे गालाला येऊन लागतो?"

"नाही ना! गंमत तिथंच आहे. गालाच्या स्नायूला धागा टेकतच नाही. मध्ये फट असते. धागा आपल्या टोकाकडून एक रसायन सोडतो, ते फट ओलांडून स्नायूला लागतं, स्नायू आखडतो. आपण म्हणतो, माणूस हसला."

आप्पा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मॅडमनी गोळ्या दिल्या, मिटत नसलेल्या डोळ्यासाठी थेंब दिले, झोपताना पापणीवर चिकटपट्टी लावायला सांगितली. वेळेत आलात, बहुतेकांचं बरं होतं, पण घाई चालत नाही, महिनेही लागतात, असं बजावलं. रिक्षात बसल्यावर आप्पांनी माझा दंड धरला.

"संदेशा, आफल्या गवळनी फाच ना? फुरेत!"

मंडळाच्या बैठकीत बहुतेकांचं मत पडलं की यंदा मावशी बाळाने करावी. बाळा आमच्यातली शेवटची गवळण, आवाज बरा, पण त्याचा त्यालाच धीर नव्हता. आप्पा उभे राहिले आणि त्यांनी फ-फ करत नवी गवळण करून दाखवली. बैठक लोळायची बाकी राहिली. मावशी आप्पांकडेच राहिली.

शिमग्यात देवाची पालखी बसते त्या सहाणेसमोर संध्याकाळी आमचं नमन उभं राहिलं. मावशी झाली मेंदू. दुसऱ्या टोकाला कृष्णाचा सवंगडी पेंद्या मांडी घालून बसला, तो गाल. मधे गवळणींची रांग. मावशीने पहिल्या गवळणीला कोपर मारून सांगितलं, "जा गो, फेंद्याला सांग, हस!" पहिलीने उडी मारून दुसरीला धक्का दिला, दुसरीने तिसरीला, आणि प्रत्येक उडीला मी मृदंगावर थाप देत होतो. एवढ्यात कृष्ण आडवा आला. एरवी तो गवळणींकडे दान मागतो, यंदा त्याच्या पोटावर पितांबराखाली दोन उशा बांधल्या होत्या. "मी सूज!" त्याने गर्जना केली. "या बोगद्यातून कोणी जायचं नाही!"

मावशी इकडून ओरडतेय, "हस रे फेंद्या!" पेंद्या ठोंब्यासारखा बसलेला. मावशीने मथुरेहून मागवलेली गोळी म्हणून कृष्णाच्या तोंडात लाडू कोंबला. त्याने एक उशी काढली. दुसरा लाडू, दुसरी उशी. निरोप सुटला! पण शेवटच्या गवळणीने, बाळाने, पेंद्याला हात लावायचा नव्हता. फट होती ना. त्याने लांबून लोण्याचा गोळा मारायचा होता. बाळाने डोळे मिटून मारला. तो पेंद्याच्या डोक्यावरून जाऊन पुढे बसलेल्या पोलीस पाटलांच्या चष्म्यावर बसला.

पाटलांनी चष्मा काढला, बोटाने लोणी चाटलं आणि खदाखदा हसायला लागले.

"निरोफ शेजारच्या घरात गेला गो बाय!" मावशी किंचाळली, आणि मग कुणालाच काही सुधरेना. पेंद्या आपोआप हसला, कृष्ण खाली बसला, माझा मृदंग कधी थांबला मला कळलं नाही. म्हाताऱ्या आनंदीबाई पदराने डोळे पुसत शेजारणीला सांगत होत्या, "ह्या वर्साला आप्पान तोंड लय बेस रंगवलान!" त्यांना वाटलं, वाकडं तोंड रंगाचं आहे. मागच्या रांगेत ऋजुता मॅडम ओढणीत तोंड खुपसून बसल्या होत्या.

एवढं होऊनही गाल मात्र हलला नव्हता. आप्पा रोज गिरणीत आरशासमोर ओठ ओढायचे, गाल फुगवायचे, हवा डावीकडून निसटायची. आंबे संपत आले तेव्हा एका दुपारी ते कुणाच्या तरी तांदळाचं पीठ पडताना बघत होते आणि कडेला उभ्या सखूवहिनी एकदम ओरडल्या, "हलला!" ओठाचा डावा कोपरा, मुंगी चालावी इतकाच, हलला होता. गिरण बंद झाली. अर्धं गाव ओट्यावर जमलं आणि आप्पांना हसवायची चढाओढ लागली. कोण नकला करतंय, कोण गुदगुल्या करतंय. कोपरा हलला की टाळ्या. आप्पा म्हणाले, "पुरे!" आणि प नीट आला म्हणून पुन्हा टाळ्या.

गणपतीपर्यंत चेहरा सरळ झाला. आणि मग भलताच प्रकार सुरू झाला. आप्पा हसले की डावा डोळा मिचकायचा. दर वेळी. दळणाला आलेल्या बाईला ते हसून म्हणायचे, "बारीक दळू ना?" आणि डोळा मारायचे. एकीने डबा उचलला आणि दुसऱ्या गिरणीत गेली. आप्पांनी माफी मागितली ती हसून, म्हणजे डोळा मारूनच.

पुन्हा आम्ही तिघं दवाखान्यात. मॅडमनी त्यांना हसवलं आणि स्वतःच हसल्या. "नसेचे धागे परत वाढताना काही चुकून दुसऱ्या स्नायूत गेलेत. ओठाला दिलेला निरोप डोळ्यालाही मिळतो. आरशासमोर सावकाश हसायचा सराव करा, डोळा उघडा ठेवून. कमी होईल. थोडंसं राहीलही."

"राहू दे की!" आप्पा हसले. डोळा मिचकला.

"राहू दे काय?" सखूवहिनी उसळल्या. "लग्नाला इतकी वर्सा झाली, मला कदी डोळा मारला नाय. आता दिसेल तिला मारतायत!"

आप्पांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश हसले. डोळा मिचकला. वहिनींचे कान लाल झाले. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागल्या.

परतताना रिक्षात मी पुढे बसलो. मागे वहिनी आप्पांना सांगत होत्या, बकरीने कुणाची पत्रिका खाल्ली, बाळा शेणात कसा घसरला, पाटलीणबाई काय बोलल्या. एक संपलं की दुसरं. आप्पा हसत होते, आणि ते हसले की वहिनी "इश्श, पुरे आता!" म्हणत होत्या, आणि लगेच पुढचं सांगायला घेत होत्या.